बेकनची दुसरी खेप

माझ्या दादाला सात महिन्यांपासून कशाचाही वास येत नव्हता, आणि हे तिघांनाच माहीत होतं: त्याला, वहिनीला आणि मला. एरवी ही लपवण्याजोगी गोष्ट नाही. पण दादा एका हॉटेलच्या बारमध्ये बावीस वर्षं काउंटरमागे उभा होता, आणि त्या कामात वास येत नाही असं सांगणं म्हणजे राजीनामाच देणं.

एका तापातून उठला तेव्हापासून हे असं झालं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू नीट कळायचं. तिखट झोंबायचं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी आणि सफरचंद म्हणजे गोड बटाटा, असं तो म्हणायचा आणि हसायचा. बाटली उघडली की मात्र सवयीने ती नाकाजवळ न्यायचा, डोळे बारीक करायचा आणि मान डोलवायचा. गिऱ्हाइकांना शंका येत नसे. वहिनीला ते बघवत नसे.

मग मालकांनी रविवारी दुपारचं जेवण सुरू करायचं ठरवलं. त्याच्या जोडीला त्यांना एकच पेय हवं होतं. त्यांनी कुठल्याशा प्रवासात ते चाखलं होतं: टोमॅटोचा रस, व्होडका, मिरी, लिंबू आणि त्यात बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांचा, धुरकट खमंगपणा. आंबट, खारट, तिखट. सकाळी उशिरा उठलेल्या माणसाला जागं करणारं. ते दोघांनी बनवायचं होतं, दादाने आणि झेल्याने. झेल्या हा बारमधला दुसरा माणूस. बाटल्या हवेत फेकून पाठीमागे झेलायचा, म्हणून हे नाव. ज्याचं पेय पसंत पडेल त्याचा काउंटर. दुसऱ्याने तळघरातल्या गोदामात मालाची मोजदाद करायची.

"बावीस वर्षं उजेडात काढली," दादा मला म्हणाला. "आता तळघरात बसून झाकणं मोजू?"

"मग मालकांना खरं सांग."

"सांगेन की. आधी जिंकतो, मग सांगतो. हरलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतं?" थोडं थांबून म्हणाला, "थेंबे, मला तुझं नाक दे."

थेंबे म्हणजे मी. लहानपणी औषधाचे थेंब आईपेक्षा मी नीट मोजायची, तेव्हापासून हे चिकटलं आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. गढूळपणा, क्षार आणि धातू यंत्रं सांगतात, पण वासाची चाचणी अजून माणूसच करतो, आणि आमच्याकडे ती मी करते. मी दारू पीत नाही. दादाच्या मते ही तर आणखीनच चांगली गोष्ट होती.

"उपाशी मांजराला पहाऱ्यावर कुणी बसवतं का?" तो म्हणाला.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी त्याच्या स्वयंपाकघरात होते. रविवारी अकराला मालक चव घेणार होते. ओट्यावर व्होडकाच्या दोन बाटल्या, टोमॅटोच्या रसाचे डबे, लिंबं, सेलरी या पालेभाजीच्या दांड्या आणि कागदात गुंडाळलेल्या बेकनच्या अठरा पट्ट्या होत्या. एका म्हाताऱ्या खाटकाने त्या लाकडाच्या धुरावर स्वतः मुरवल्या होत्या. त्याचं दुकान शनिवारी दुपारी बंद होतं ते सोमवारी उघडतं.

रीत तशी सोपी आहे. बेकन मंद आचेवर तळायचं. सुटलेली चरबी कोमट असताना व्होडकात मिसळायची आणि काही तास हलवत ठेवायची. चरबीतला वास अल्कोहोलमध्ये उतरतो. मग सगळं फ्रीजरमध्ये ठेवायचं. चरबी गोठून वर घट्ट चकती होते, व्होडका गोठत नाही. चकती उचलायची आणि खालचं गाळून घ्यायचं. मी प्रयोगशाळेत वेगळ्या नावाने हेच करत आले आहे.

दादा मात्र काटा बघून वैतागला. "चरबी किती ग्रॅम ते कशाला? डोळ्यांना दिसतंय ना."

"उद्या परत करायचं झालं तर तुझे डोळे वहीत लिहिता येणार नाहीत."

"बापरे. वहीही आणलीस?"

आणली होतीच. चरबी नव्वद ग्रॅम, व्होडका साडेसातशे मिलिलिटर. तळलेल्या पट्ट्या मी थाळीत काढून ठेवल्या. दादा येता-जाता एकेक उचलून खात होता. मी डोळे वटारले.

"मीठ सोडलं तर चव नाही कळत गं," तो म्हणाला. "पण कुरकुरीतपणा कळतो. तेवढं तरी खाऊ दे."

मी थाळी त्याच्याकडे थोडी सरकवली.

दुपारी एक वाजता फ्रीजरमधून बरणी काढली. चरबीची पांढरी चकती छान सुटून आली. मी ती डब्यात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: चरबी, पहिली खेप. निकाल लागेपर्यंत काहीही फेकायचं नाही, हा माझा एकमेव धर्म आहे. खालची व्होडका कागदातून गाळली, पण ती धुकट राहिली. चरबीचे फार बारीक कण कागदातून निसटत होते. दोनदा गाळली, तरी तीच गत.

आता इथे मी जे केलं ते माझ्या सगळ्या शिक्षणाचं फळ होतं. समोर गढूळ द्रव आला की माझा हात आपोआप चालतो. मी पिशवीतून कोळशाची पूड काढली. पाणी स्वच्छ करायला वापरतात तीच, धुतलेली, खाण्यायोग्य प्रतीची. दोन चमचे घालून ढवळली, अर्ध्या तासाने गाळली. बाटलीत उतरलेली व्होडका इतकी नितळ होती की तिच्यामागे वही धरून मी माझं अक्षर वाचलं.

"बघ," मी म्हणाले.

दादाने बाटली उजेडासमोर धरली. मग सवयीने नाकाजवळ नेली, मान डोलवली आणि ओशाळून खाली ठेवली. "तू बघ. कसा येतोय?"

मी हुंगलं. बेकन. खमंग, धुरकट, भरपूर. तसं मी वहीत लिहिलंही.

चार वाजता वहिनी आली. तिचं केस कापण्याचं दुकान आहे. दिवसभर शांपूच्या वासात राहून ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच थबकली.

"अगं बाई! पडद्यांना, उशांना, सगळीकडे बेकन! थेंबे, तुझ्या केसांना तीन शांपू लागतील. तुझा दादा तर काय, त्याला बेकनच्या पोत्यात भरून टांगलं तरी कळायचं नाही."

"वहिनी, आधी ही चाख," मी म्हणाले. दादाने मोठ्या हौसेने टोमॅटोचा रस, लिंबू, मीठ, मिरी आणि तिखट सॉस घालून पेला तयार केला होता. वर सेलरीची दांडी.

तिने घोट घेतला. पुन्हा घेतला. मग बाटलीच मागितली, ती घेऊन बाहेर गॅलरीत गेली आणि पाच मिनिटांनी परत आली.

"रागवू नका," ती म्हणाली. "अख्ख्या घराला बेकनचा वास आहे. फक्त या बाटलीला नाही."

मी बाटली घेऊन गॅलरीत धावले. मोकळ्या हवेत शंभरपर्यंत आकडे मोजत उभी राहिले, स्वतःच्या कोपराचा खळगा हुंगला, कारण नाक ताळ्यावर आणायचा तोच उपाय आहे, आणि मग बाटली उघडली. अल्कोहोल. निव्वळ, स्वच्छ, शुद्ध अल्कोहोल. दुसरं काहीही नाही.

कोळसा काय करतो हे मी दर वर्षी नवशिक्यांना फळ्यावर शिकवते. कोळसा वास धरतो. पाण्यातला वास काढायलाच आम्ही तो वापरतो. धुराचा वास तर त्याला सगळ्यात आधी चिकटतो. मी अठरा पट्ट्यांचा धूर मोठ्या निगुतीने पकडला होता आणि तितक्याच निगुतीने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. आणि सकाळपासून तळणाच्या धुरात उभं राहून माझं नाक इतकं भरलं होतं की मी हुंगत होते ती हवा, बाटली नव्हे. घरात दोन परीक्षक. एकाला नाक नाही, दुसरीचं नाक थकलेलं.

आत येऊन मी सगळं सांगितलं. दादा ऐकत होता. मला वाटलं, आता चिडेल. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"थेंबे," तो कसाबसा म्हणाला, "टोमॅटोत घालायची होती गं ती! लाल भडक, दाट टोमॅटोच्या रसात! काचेसारखी स्वच्छ कुणासाठी केलीस?"

वहिनी खुर्चीत बसून हसायला लागली. मी उभी होते. मग मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. धुकट व्होडका टोमॅटोच्या रसात दिसलीच नसती. जगातल्या कुठल्याही बारमनला हे कळलं असतं. रसायनतज्ज्ञ बाईला तेवढं कळलं नाही.

हसून झाल्यावर दादाने घड्याळाकडे बघितलं. खाटकाचं दुकान बंद होतं. इथल्या सुपरमार्केटमधल्या बेकनला धूर लावलेला नसतो, ते नुसतं खारवलेलं असतं. "म्हणजे तळघर," तो म्हणाला.

"दुसरी बाटली आहे ना?" मी विचारलं.

"बाटली आहे. पण चरबी..."

मी डबा काढून ओट्यावर ठेवला. चिठ्ठीसकट.

"ही एकदा धुतलेली आहे," मी म्हणाले. "पण एका धुण्यात सगळा वास निघत नाही. किती उरतो ते किती गरम आणि किती वेळ यावर ठरतं. या वेळी व्होडका पाऊण बाटलीच घेऊ, म्हणजे पातळ होणार नाही. आणि पट्ट्या? धूर चरबीपेक्षा पट्टीच्या बाहेरच्या कडांवर जास्त बसतो. पट्ट्याही आत घालू. किती उरल्या?"

दादाने थाळीकडे बघितलं. वहिनीने दादाकडे बघितलं.

"सात," तो म्हणाला. "पोटातल्या परत मागू नकोस."

सात पट्ट्या मी बारीक चिरल्या. मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मग घट्ट झाकणाची बरणी त्यात ठेवली. पाणी निवलं की बरणी बाहेर काढायची, दुसऱ्या पातेल्यात गरम पाणी आणायचं. दीड तास दादा बरणी हलवत बसला. हलवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याचं मनगट बावीस वर्षांचं तयार झालेलं होतं, एक थेंब वाया गेला नाही. सहा वाजता बरणी फ्रीजरमध्ये गेली आणि वहिनीने आम्हा दोघांना अंघोळीला पिटाळलं. "कपडे मशीनमध्ये. पडदेही काढा. उद्या नाक ताजं पाहिजे ना? मग आज या घरात काहीही तळायचं नाही. ब्रेड खा."

रविवारी पहाटे चकती उचलली आणि एकाच साध्या कागदातून व्होडका गाळली. फिकट, धुकट, ताकाच्या निवळीसारखी दिसणारी. गॅलरीत जाऊन मी बाटली उघडली.

पहिल्या बाटलीत काहीच नव्हतं, त्यामुळे मी जपून हुंगलं. आधी लाकडाचा धूर आला, मागून मीठ आणि भाजलेल्या मांसाची कड. फार जोरात नाही. घोटाच्या शेवटी येईल इतपत. मी वहिनीला बोलावलं, कारण आता माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. तिने हुंगलं आणि नुसती माझ्या पाठीत थाप मारली.

वाटेत दादाने खुणा ठरवल्या. मी काउंटरच्या टोकाला बसायचं. पेल्याचा वास कमी वाटला तर चष्मा वर सरकवायचा. बरोबर असेल तर पेन खाली ठेवायचं.

"हे फसवणं आहे," मी म्हणाले.

"थोडंसं," तो म्हणाला. मग पिशवीतली बाटली उगाचच दोनदा सरळ केली.

बार लांबट, तपकिरी लाकडाचा. उन्हाची पट्टी काउंटरवर तिरकी पडली होती. मालक साठीचे, पांढऱ्या मिशांचे, फार कमी बोलणारे. त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास आणि एक चमचा. झेल्याने आधी बनवलं. बाटली दोनदा हवेत गिरकी घेऊन आली. पेय दिसायला सुरेख होतं, पण त्याने बाटलीतला तयार धुराचा अर्क वापरला होता. टोकाला बसूनसुद्धा मला तो कळला. जळालेल्या दोराचा वास. मालकांनी दोन घोट घेतले आणि पेला बाजूला ठेवला.

दादाने पिशवीतून आमचा टोमॅटोचा रस काढला, तेव्हा मालकांनी हात वर केला.

"रस इथला वापर. गिऱ्हाइकाला तोच मिळणार."

दादाने इथला डबा उघडला, चमचाभर चाखला. मी त्याचा चेहरा ओळखते. इथला रस बराच गोड होता. गोड वाढलं की लिंबू वाढवावं लागतं, मीठ वाढवावं लागतं, आणि ते त्याच्या जिभेला जमण्यासारखं होतं. लिंबू पिळलं, चाखलं. मीठ, मिरी, बाटलीतला काळा आंबट सॉस, पुन्हा चाखलं. हात झरझर चालत होते, एकही हालचाल जास्तीची नाही. पण गोडाखाली धूर दबतो. घरी ठरवलेलं माप इथे चालणार नव्हतं. आता आमची व्होडका किती घालायची, हे जीभ सांगू शकत नव्हती.

त्याने घरच्याइतकीच व्होडका अंदाजाने ओतली, ढवळली आणि पेला मुद्दाम माझ्या बाजूला सरकवल्यासारखं केलं. वास माझ्यापर्यंत आला. कमी होता. माझा हात चष्म्याकडे गेला.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने बाटली खाली ठेवली.

"मालक," तो म्हणाला, "एक मिनिट. मला वास येत नाही. सात महिने झाले. जिभेचं सगळं माझं आहे, पण नाक माझ्या बहिणीचं आहे. ती बघा तिथे बसलीये, चष्म्याला हात लावून. आम्ही खुणा ठरवून आलो होतो. मला ते जमणार नाही."

झेल्याने हातातली बाटली खाली ठेवली. माझा हात तसाच चष्म्यावर राहिला. मालकांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"बाई," मालक मला म्हणाले, "मग तिथे लांब काय बसलात? जवळ या. किती कमी आहे?"

मी उठले. पेला नाकाशी धरला. "दहा मिलिलिटर," मी म्हणाले. "आणि मिरी वरून, ढवळल्यानंतर."

दादाने दहा मिलिलिटर ओतले. मोजून. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला माप वापरताना बघितलं. मिरी भुरभुरली, सेलरी खोचली, पेला पुढे सरकवला.

मालकांनी एक घोट घेतला. चमचा बाजूला ठेवला. दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि मग ते खिडकीबाहेर बघत हळूहळू पीत राहिले. पेल्यात बर्फ आणि दांडी उरली. त्यांनी दांडीही खाल्ली.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं तिथे. फक्त तिथे इतकं चांगलं नव्हतं."

झेल्याने आमच्या बाटलीतलं थोडं दुसऱ्या पेल्यात स्वतःसाठी ओतून घेतलं. चाखलं. "ओ, हे काय आहे?" तो म्हणाला. "शेवटी येतो तो धूर कुठून आणलात?"

"कचऱ्यातून वाचवला," दादा म्हणाला.

मालक अजून विचारात होते. "पण बहीण दर रविवारी इथे येऊन बसणार का? ती नसेल त्या दिवशी काय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण हे माझं रोजचं काम आहे. "शहराचं पाणी तपासायला मी विहिरीत राहायला जात नाही," मी म्हणाले. "नमुना येतो, आकडा जातो. दर खेपेची एक छोटी बाटली माझ्याकडे पाठवा. या रसाला किती घालायची ते मी चिठ्ठीवर लिहून देईन. रोजचं आंबट, खारट, तिखट बघायला मात्र जीभच लागते. ती तुमच्याकडे आहे, आणि मी तरी याहून चांगली बघितलेली नाही."

मालकांनी दादाकडे बघितलं. "सात महिने," ते म्हणाले. "आणि या सात महिन्यांत एकाही गिऱ्हाइकाने पेला परत पाठवला नाही." मग झेल्याकडे वळले. "तू याच्या हाताखाली राहा. फेकणं नंतर, आधी चाखायला शिक. आणि गोदामासाठी मी माणूस बघतो." दाराकडे जाता जाता थांबले. "एक वाजता बारा माणसं जेवायला येणार आहेत. तेवढ्यांना पुरेल ना?"

मी बाटली उजेडासमोर धरली. धुकट, सुंदर, अर्ध्याहून जास्त भरलेली. "पुरेल," मी म्हणाले. "दोन उरतीलही."

बारा पेले दादाने एका रांगेत मांडले. झेल्या लिंबं पिळत होता, न फेकता. दुपारी दोनला पेले रिकामे होऊन परत आले, आणि पाठोपाठ वहिनी आली. दुकान बंद करून, ओठांना नवी लाली लावून. दारातूनच तिने दादाचा चेहरा बघितला आणि काहीही न विचारता काउंटरवर चढून बसली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"उतर खाली, मालक बघतील," दादा म्हणाला.

"बघू देत. मी बाटली हुंगून दिली नसती तर आज तू तळघरात असतास."

उरलेल्या दोनांतला एक पेला त्याने तिला दिला आणि दुसरा माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने वही उघडली. दुसरी खेप, इथला रस, वरून दहा मिलिलिटर. पेला उचलला, हुंगला आणि थुंकायला रिकामा कप शोधू लागले. प्रयोगशाळेत आम्ही गिळत नाही.

दादाने कप माझ्या हातातून काढून घेतला. मग वहीही मिटली.

"थेंबे," तो म्हणाला, "हा नमुना नाही."

मी अख्खा पेला प्याले. दांडीसकट.